बंद पुडीतलं कासव

डोमाजींनी पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला, तो लवकर सोडलाच नाही. मी आपला ओशाळं हसत उभा. एक हात त्यांच्या मुठीत, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाला द्यायची डिंकाची बाटली. त्यांनी अंगठ्याने माझा तळवा इकडून तिकडे दाबून पाहिला आणि म्हणाले, "वावर हाय ना तुझं?"

"हाय ना जी. करडीला. तलावाखाली."

"धुऱ्यावर उभा राहत असशील. बांधीत नाई उतरत तू."

गिऱ्हाईक हसलं. मी म्हणालो, असं काही नाही जी. पण तसंच होतं. त्याच आठवड्यात करडी गावात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना मी शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभा होतो आणि खाली बांधीतल्या चिखलात कमरेत वाकलेल्या बायांना रोप सरळ लावा म्हणून सांगत होतो. त्यातली एक उभी राहून म्हणाली, "तुमीच या ना जी, दाखवा." त्यावर मला साकोलीतलं एक तातडीचं काम आठवलं होतं.

साकोलीत बस स्टँडसमोर माझं दुकान आहे. वह्या, पेनं, खेळणी, वाढदिवसाच्या टोप्या. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर डोमाजी रोज सकाळी दहाला येऊन बसत. त्याआधीची बत्तीस वर्षं त्यांनी इथल्याच एका राईस मिलमध्ये धान पारखलं होतं. पोत्यात परखी, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, खुपसायची, तळातलं मूठभर धान बाहेर काढायचं, बोटांत चोळायचं, एक दाणा समोरच्या दातांखाली फोडायचा आणि सांगायचं: कुठलं, कधीचं, किती ओलं. शेतकरी मध्ये बोलू लागला की ते हात वर करत. "पोतं बोलून राहिलं. तू चूप राह."

अड्याळकडचा एक जण ट्रॉली भरून धान घेऊन आला होता, तेव्हा मी तिथे होतो. माझं धान मोजायला नेलं होतं आणि उगाच ऐटीत उभा होतो. डोमाजींनी चार पोत्यांत परखी घातली आणि त्या माणसाला म्हणाले, "वरचं तुझं. खालचं तुझ्या घरचं नाई. साळ्याचं हाय का भावाचं?"

"साळ्याचं," तो माणूस गारच पडला. "तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. एका मांडवात बसले, पण एकमेकाशी बोलून नाई राहिले."

पुढे कळलं की साळ्याशी त्याचं खरंच भांडण होतं. ते डोमाजींना धानावरून कळलं की त्याच्या तोंडावरून, हे मी त्यांना कितीदा विचारलं. दर वेळी ते बस स्टँडकडे बघत बसायचे.

मग मिलमध्ये ओलावा मोजायची मशीन आली. मूठभर धान टाकलं की आकडा येतो. एक दिवस मशीन म्हणाली वाळलं, डोमाजी म्हणाले ओलं. मालकाने मशीनचं ऐकलं. आठवड्याने पोती आतून गरम झाली आणि वास मारू लागली. दुसरा कोणी असता तर गावभर सांगत फिरला असता. मी तर पत्रकं छापली असती. डोमाजी माझ्या दुकानात आले. "मोठे सेल दे दोन."

"कायले जी?"

"मशीनचे कमजोर झाले. उपाशी पोटी कोणाची अक्कल चालते का?"

त्यांनी स्वतः जाऊन मशीनमध्ये सेल घातले. त्यानंतर मशीन नीट चालू लागली आणि डोमाजींना कोणी विचारेनासं झालं. "आता इचारत नाई कोणी," एकदा ते म्हणाले. आज बसला उशीर आहे म्हणावं, तितक्याच सहज. मी काहीतरी समजूतदार बोलायला तोंड उघडलं आणि "चहा घ्या" म्हणून मिटलं.

आता पुड्यांकडे येतो. त्यांत माझा पराक्रम आधी सांगावा लागेल.

नागपूरच्या एका होलसेलवाल्याने मला फोनवर फोटो पाठवला. जुन्या कार्टूनांत असत तसे बारा प्राणी रांगेत उभे: ससा, बदक, हत्ती, डुक्कर, चिमणी वगैरे. एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे, बोटभर उंचीचे. पाय वेगळे, धड वेगळं, डोकं वेगळं, जोडून उभं करायचं. चकचकीत बंद पुडीत एकच प्राणी. कोणता, ते पुडीवर लिहिलेलं नसतं. मुलंच काय, मोठी माणसंही यांचा संच जमवतात, असं तो म्हणाला. मी अर्धंच ऐकलं. माझी समजूत अशी झाली की बारा पुड्या एकत्र जोडल्या की मिळून एक मोठं काहीतरी बनतं. बँकेतल्या एका मॅडमना मी छातीठोक सांगितलं, "बारा घेतल्या की पूर्ण हत्ती तयार होते." तीन पुड्या नेऊन त्या परत आल्या. एक बदक आणि दोन बेडूक काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "यांचं काय बनतं?"

"अजून नऊ घ्या, मग दिसेल," मी म्हणालो. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मुलं आली, पण एकाच प्राण्याच्या दोन-दोन पुड्या निघाल्यावर तीही रुसली. खोकं पडून राहिलं. एका सकाळी डोमाजींनी त्यातली एक पुडी उचलली.

"हे काय हाय?"

"आत कोण हाय ते फोडल्याशिवाय कळत नाई जी. तेच तर गंमत म्हणतात."

"कोण म्हणते कळत नाई?"

त्यांनी पुडी दोन्ही हातांत घेतली आणि नजर बस स्टँडकडे लावली. बोटं कोपऱ्यापासून निघाली, एक-एक तुकडा धरून सोडत पुढे गेली. "कान लंबे. हातात छत्री हाय. मिटलेली."

मी फोडली. ससा, मिटलेली छत्री.

"तुक्का," मी म्हणालो.

"चोच चपटी. जोडे मोठे." बदक, मोठे जोडे.

माझी जिद्द पेटली. पाच पुड्या फोडल्या तेव्हा आतून मंगला, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. "काय करून राहिले जी तुम्ही? फोडलेल्या पुड्या कोण घेईन आता?" हा विचार मला सुचला नव्हता. ते पाच प्राणी अजून माझ्या गल्ल्यावर उभे आहेत.

ही बातमी साकोलीत दोन दिवसांत फिरली. रविवारी मुलं रांग लावू लागली. डोमाजींचा एकच नियम होता: ज्याला आपल्या घरी कोण कोण आहे ते तोंडपाठ सांगता येईल, त्यालाच हवा तो प्राणी शोधून देणार. एक जण अडखळला की म्हणत, "जा, घरी जाऊन सगळ्यांले भेटून ये. आपल्या घरचं माहीत नाई, नवीन कायले पाह्यजे तुले?" आणि तो खरंच पळत घरी जाऊन मोजून येई.

एकदा ते नसताना जंगल खात्याचे एक साहेब मुलीसाठी हत्ती मागायला आले. मी पुडी हातात घेतली, डोमाजींसारखी नजर बस स्टँडकडे लावली आणि म्हणालो, "हत्ती." साहेब प्रभावित झाले. घरी चिमणी निघाली. साहेब परत आले तेव्हा मी म्हणालो, "पिल्लू असेल." जंगल खात्याच्या माणसाला मी हे सांगितलं.

डोमाजी घरी एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. नात ओवी आठ वर्षांची. तिच्यासाठीही ते पुड्या निवडू लागले. व्हिडिओ कॉलवर पुडी समोर धरायची, आत कोण ते सांगायचं आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाबरोबर ती बंदच पाठवायची. ओवी तिकडे फोन समोर ठेवून फोडायची. अकरा वेळा पाठवलं, अकरा वेळा बरोबर. तिच्या वर्गात कुणाचा विश्वास बसेना, म्हणून तिने जाहीर करून टाकलं की बारावी पुडी ती दिवाळीत साकोलीला येऊन आबाजींच्या समोरच फोडणार. राहिलं होतं कासव. ते खोक्यात एखादंच यायचं.

"बारावं चुकलं," डोमाजी मला म्हणाले, "तर पहिले अकराबी तुक्केच होते म्हणतीन सारे."

"कोण म्हणन जी?"

"मीच म्हणीन."

याच सुमारास एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत होती आणि मला ती दिसत नव्हती. समोरच्या टपरीवरून काचेच्या ग्लासात चहा यायचा. ग्लास इतका गरम की मी रुमालाने धरायचो. डोमाजी तो मुठीत धरून आरामात गप्पा मारायचे. मला केवढं कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, "पाहा, धान पारखून पारखून हात कसे झाले! याले म्हणतात मेहनतीचे हात." डोमाजी बस स्टँडकडे बघायचे. मंगलाने एकदा हे पाहिलं आणि मला आत ओढलं.

"त्यांले लागून नाई राहिलं जी ते."

"तेच तर सांगून राहिलो मी!"

"तसं नाई. माझ्या बाबाले शुगर होती, त्यांचंबी असंच झालतं. बोटं बधिर झाली त्यांची."

मग मला बाकीचंही आठवू लागलं. सदऱ्याचं बटण लावायला त्यांना वेळ लागत होता. पूर्वी मी पाच मोजेपर्यंत त्यांची एक पुडी ओळखून व्हायची, आता तेवढ्यात चहा थंड होई. आणि मी त्यांचे हात लोकांना दाखवत होतो.

दिवाळीच्या पाच दिवस आधी नवीन खोकं आलं. डोमाजी दुपारी आले, रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हा. छत्तीस पुड्या काउंटरवर मांडल्या आणि एक-एक घेऊ लागले. कान, चोच, सोंड, शेपूट असे मोठे मोठे भाग अजून कळत होते. शेवटी दोनच पुड्या उरल्या. दोन्हींत एक वाटीसारखा गोल तुकडा.

"एकात बेडूक हाय, एकात कासव," ते म्हणाले. "बेडकाची टोपी गुळगुळीत. कासवाच्या पाठीवर खवले."

दोन्ही पुड्या त्यांनी कितीतरी वेळ दाबल्या. ही, मग ती, मग पुन्हा ही. कपाळावर घाम आला. मी पंखा वाढवला. ओवीकडे अकरा प्राण्यांत बेडूक आधीच होता.

"पाणी आण," ते म्हणाले.

मी पाणी घेऊन आलो तेव्हा एक पुडी ढिगात परत गेली होती आणि एक काउंटरवर समोर ठेवलेली होती. तिच्या एका कोपऱ्याला ओल होती.

"हे."

"नक्की ना जी?"

"बाजूले ठेव. ओवी येतपर्यंत हात लावू नको."

मी ती गल्ल्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावला नाही. माझ्यासाठी हे फार आहे. मग काढून दाबली. माझी बोटं जेमतेम साबण धरायच्या लायकीची, पण त्यांना तो तुकडा गुळगुळीत लागला. बेडूक. माझी खात्री पटली की म्हाताऱ्याने नाइलाजाने एक उचलली आणि ती ओल घामाची होती. म्हटलं, उघडून पाहू. बेडूक निघाला तर ढिगातून कासव शोधून याच्यात घालू, पुन्हा सील करू, कोणाला कळणार? आपण काय चांगलं काम करतोय, या विचाराने मला थोडं भरूनही आलं. ब्लेडने पुडीची खालची कड कापली आणि तुकडे काउंटरवर ओतले.

खवले. एक-एक खवला स्पष्ट. कासव.

मंगला बाजूला उभी होती. "मंग?" ती म्हणाली. "आता काय करता जी?"

तुकडे परत आत घातले आणि पिशव्या सील करायच्या मशीनने कड बंद केली. कंपनीच्या कडेला बारीक दाते असतात. माझी कड सपाट झाली, आणि एका टोकाला जळाली.

त्यानंतरचे दिवस डोमाजी बाकड्यावर बसले नाहीत. यायचे, उभ्या उभ्या विचारायचे, "पुडी हाय ना?" मी म्हणायचो, "हाय ना जी." आणि ते जायचे. मंगला म्हणाली, सांगून टाका. मी म्हणालो, कसं सांगू, रागावतील.

ओवी आली ती दोन वेण्या घालून, अकरा प्राणी डब्यात घेऊन. काउंटरवर ते ओळीत उभे करून तिने शेवटी एक जागा रिकामी ठेवली. "आबाजी, आधी तुम्ही सांगा. मग मी फोडते."

मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा कोपऱ्यापासून निघाला, जळालेल्या कडेवरून सरळ पुढे गेला. थांबला नाही. मी आतल्या दाराशी उभ्या मंगलाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

मग त्यांनी पुडी उचलून खालच्या ओठाला लावली. दाणा फोडायच्या आधी लावत, तशी. तुकडे एक-एक ओठावरून सरकवत, मधेच दातांनी हलकेच दाबत चालले. तेव्हा मला त्या ओल्या कोपऱ्याचा अर्थ कळला. ओठ खालच्या कडेशी आला आणि थांबला. पुडीच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनं रंगाप्रमाणे लावायला घेतली.

"आबाजी?" ओवी म्हणाली.

ते अजून माझ्याकडेच बघत होते.

"कासव," ते म्हणाले.

ओवीने फोडली. किंचाळली. जोडून ते रिकाम्या जागेवर उभं केलं आणि मंगलाला दाखवायला सगळे डब्यात भरून आत पळाली. डोमाजी काउंटरवर वाकले.

"फोडली होतीस."

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. एकही बाहेर आली नाही. "हो जी."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंग? होतं?"

"कासवच होतं. बदलवलं नाई मी काही. तुमची होती तेच पुडी हाय."

त्यांनी काउंटरवर दोन्ही तळवे टेकले आणि इतका लांब श्वास सोडला की गल्ल्यावरची बदकं-ससे पडतात की काय असं मला वाटलं.

"बह्याडा," ते म्हणाले, "मंग सांगाले काय झालतं तुले? चार दिवस झोप नाई मले."

"बोटं..." मी म्हणालो.

"बोटं गेली. ओठ हायेत." आणि मग बाकड्यावर जाऊन बसले. "चहा सांग. रुमालात गुंडाळून दे."

पण घरी चुलीशी रुमाल द्यायला कोणी नव्हतं. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी भाताचं उकळतं गंज, म्हणजे पातेलं, त्यांनी नुसत्या हातांनी उतरवलं आणि दोन्ही तळव्यांना फोड आल्यावरच त्यांना ते कळलं. मुलगा घ्यायला आला. घराला कुलूप लागलं.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. हुशारी करून एक भेट नेली होती. फोडलेल्या पुड्यांपैकी एक रिकामी पुडी होती, तिच्यात करडीच्या माझ्या नव्या धानाची मूठ घालून सील केली होती. या वेळी कड जाळली नाही. धान ट्रॉलीने साकोलीला आणून आदल्याच दिवशी मिलमधल्या मशीनवर दाखवलं होतं, चांगलं वाळलं म्हणून मशीनने सांगितलं होतं, आणि आता पोती माझ्या घरी भरून तयार होती.

डोमाजी खिडकीशी बसले होते, दोन्ही हातांना पट्ट्या. मी पुडी खिडकीतून मांडीवर ठेवली. "सांगा बरं, कोण हाय?"

त्यांनी पट्ट्यांच्या हातांनी पुडी कशीबशी उचलून ओठाला लावली. बस सुरू झाली. मी बाजूने चालू लागलो, मग पळू लागलो. या वयात आणि या पोटानिशी. ते हसले. दातांनी पुडीची कड फाडली, एक दाणा तोंडात घेतला आणि समोरच्या दातांखाली फोडला. बस फाटकातून हायवेकडे वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले,

"ओलं हाय बे! दोन दिवस आणखी ऊन दाखव!"

मी घरी आलो आणि पोत्यांची तोंडं सोडून सगळं धान गच्चीवर पसरवायला लागलो. मंगला वर आली.

"आता काय करून राहिले जी? मशीननं तर वाळलं सांगतलं ना?"

"मशीननं सांगतलं," मी म्हणालो, आणि जोडे काढून धानात उतरलो.